सगळ्यात आधी काय बंद पडलं? रुग्णालयातल्या प्रौढ रुग्णात बोट्युलिझम ओळखताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ५२ वर्षांचे गृहस्थ. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे दाखल आहेत, मधल्या काळात जंतुसंसर्गासाठी दोन-तीन जोरदार अँटिबायोटिक्स देऊन झाली. मग बोलणं जड झालं, गिळता येईना, श्वास अपुरा पडू लागला आणि व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार), धरून पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून अँटिबॉडीज, दिलं, काही फरक नाही. राउंडला कुणीतरी बोट्युलिझमचं, म्हणजे क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम जंतूच्या विषाने येणाऱ्या लकव्याचं, नाव काढलं आणि ते लगेच खोडलं गेलं: तीन आठवडे हे रुग्णालयातलंच खातायत, डबाबंद काही खाल्लेलं नाही, घरात दुसरं कुणी आजारी नाही. ते खोडणं बरोबर होतं का, आणि असा रुग्ण ओळखायचा कसा, हे तुम्ही विचारलंय.

बरोबर नव्हतं. तुमच्या रुग्णाला बोट्युलिझमच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण ज्या कारणासाठी तो खोडला गेला, ते कारणच टिकत नाही. अन्नातून होणारा बोट्युलिझम हा या आजाराचा एक प्रकार आहे. विष शरीरात शिरायला इतरही वाटा आहेत, आणि रुग्णालयात पडून असलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत नेमक्या त्याच वाटा आपण विसरतो.

आधी त्या वाटा बघू. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मातीत, धुळीत, सगळीकडे असतात. आपण सगळेच ते अधूनमधून गिळतो आणि काही होत नाही, कारण निरोगी प्रौढाच्या आतड्यातले नेहमीचे जंतू आणि पोटातलं आम्ल त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ही राखण अजून उभी राहिलेली नसते, म्हणून तिथे बीजाणू रुजतात आणि विष आतड्यातच तयार होतं. हा बाळांचा बोट्युलिझम १९७६ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. त्यानंतर दहाएक वर्षांत, १९८० च्या दशकात, लक्षात आलं की प्रौढाचं आतडंही कधीकधी बाळाच्या आतड्यासारखं उघडं पडतं. आतड्याची शस्त्रक्रिया, जठराचा बायपास, क्रोन्स डिसीज, आम्ल कमी होणं, बोनमॅरो ट्रान्सप्लांट, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे लांबलेला अँटिबायोटिक्सचा कोर्स. तुमच्या रुग्णाच्या फाइलमध्ये यातल्या दोन गोष्टी पहिल्याच पानावर आहेत. जे तीन आठवडे वॉर्डात आहेत म्हणून बोट्युलिझम नाही असं म्हटलं गेलं, ते तीन आठवडेच खरं तर संशयाला जागा देतात.

दुसरी वाट जखमेची. जखमेतून होणारा बोट्युलिझम पहिल्यांदा १९४३ मध्ये नोंदला गेला, तेव्हा तो अपघातातल्या खोल, मातीने भरलेल्या जखमांचा आजार होता. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात त्याचं रूप बदललं: काळं, डांबरासारखं हेरॉइन कातडीखाली टोचून घेणाऱ्यांत तो दिसू लागला. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ मध्ये स्कॉटलंडमध्ये हेरॉइन टोचणाऱ्यांत मोठा उद्रेक झाला. इथे फसवणारी गोष्ट म्हणजे जखम. ती कधीकधी अगदी किरकोळ असते, वरून बरी होत आलेली, चण्याएवढी एक गाठ. पू नाही, ताप नाही. जखम झाल्यापासून लक्षणं यायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात, तोवर रुग्णालाही ती आठवत नाही. आणि नशेचा इतिहास आपण किती घाईत, नातेवाइकांसमोर विचारतो, यावर त्याचं उत्तर ठरतं. एकट्यात विचारा.

तिसरी वाट सुईची, म्हणजे आपल्याच क्षेत्राची. सुरकुत्या घालवण्यासाठी, मानेच्या किंवा हातापायांच्या ताठरपणासाठी, जास्त घामासाठी हेच विष अत्यल्प मात्रेत औषध म्हणून दिलं जातं. मात्रा चुकली, माल परवाना नसलेला निघाला, की ते शरीरभर पसरतं. २००४ मध्ये फ्लोरिडात चार जणांना परवाना नसलेलं विष टोचल्यामुळे गंभीर लकवा झाला होता. २०२३ च्या सुरुवातीला युरोपातल्या अनेक देशांत असे रुग्ण दिसू लागले. त्यांनी वजन कमी करण्यासाठी तुर्कस्तानात जाऊन जठराच्या भिंतीत हे इंजेक्शन घेतलं होतं. अशा रुग्णाला आपण 'काही औषधं घेता का?' असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. त्याच्या लेखी ते औषध नसतंच. 'गेल्या महिन्यात चेहऱ्यावर, पोटात, कुठेही काही इंजेक्शन घेतलंत का, ब्युटी क्लिनिकमध्ये सुद्धा?' असं थेट विचारावं लागतं.

श्वासावाटे होणारा चौथा प्रकार इतका विरळा आहे की एका ओळीत सांगतो: १९६२ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेतल्या तिघांना विषाच्या फवाऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांचं शवविच्छेदन करताना तो झाला होता.

आता मूळ मुद्दा. वाट कुठलीही असो, शेवटी रक्तात तेच विष येतं आणि चित्र एकच उमटतं. म्हणून कारणाचा शोध दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी चित्र ओळखा. माझ्याकडे रेसिडेंट असा रुग्ण घेऊन येतो तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो: सगळ्यात आधी काय बंद पडलं?

बोट्युलिझम वरून खाली उतरतो. आधी डोळे: अंधुक दिसतं, एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होतात. मग जीभ आणि घसा: आवाज नाकातून येऊ लागतो, शब्द लडबडतात, पाणी घोटताना ठसका लागतो. मग मान उचलेनाशी होते. मग खांदे, दंड, श्वासाचे स्नायू, आणि शेवटी पाय. दोन्ही बाजूंना सारखंच. संवेदना शाबूत, शुद्ध शाबूत, सहसा ताप नाही. सोबत तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं.

हे वाचताना फार सोपं वाटतं. वॉर्डात ते का सुटतं, हे समजावून सांगण्यासाठी मी शिकवताना एक नमुना रुग्ण उभा करतो. तो कुणी एक माणूस नाही, वेगवेगळ्या रुग्णांच्या तपशिलांतून जोडलेला आहे. शस्त्रक्रियेनंतरचा अठरावा दिवस. सकाळच्या राउंडला तो म्हणतो, 'पेपर वाचता येत नाहीये.' आपण म्हणतो, चष्मा बदलला पाहिजे, अशक्तपणा आहे. पापण्या अर्धवट मिटलेल्या दिसतात; वेदनाशामकाची गुंगी. तोंड कोरडं, ऑक्सिजनचा मास्क आहे ना. पोट फुगलेलं, शौच नाही. शस्त्रक्रियेनंतर आतडी सुस्तच असतात. लघवीला नळी असल्यामुळे तुंबणं कळतच नाही. आवाज बसलाय, नाकातून घातलेल्या नळीमुळे असेल. सहाही लक्षणांना सहा वेगवेगळी, पटण्यासारखी कारणं मिळतात आणि ती सहा वेगवेगळ्या माणसांनी सहा वेगवेगळ्या वेळी दिलेली असतात. मग रात्री तो घुसमटतो, ड्युटीवरचे डॉक्टर ट्यूब टाकतात, झोपेचं औषध सुरू होतं. सकाळी समोर असतो हातपाय न हलवणारा, व्हेंटिलेटरवरचा माणूस. लकवा वरून आला की खालून, हे आता अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं.

पण फाइलमध्ये असतं. सिस्टरांच्या नोंदी वाचा. डॉक्टरांच्या नोंदीत 'जनरल वीकनेस' एवढंच सापडेल, पण सिस्टरांनी लिहिलेलं असतं: 'सायंकाळी पाणी पिताना ठसका', 'रुग्ण बोलतो ते नीट समजत नाही', 'डोळे उघडत नाही पण हाताने इशारा करतो'. शेवटची ती ओळ पुन्हा वाचा. डोळे उघडत नाही, पण हात हलतो. वरून खाली येणाऱ्या लकव्याचं यापेक्षा नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही. आणि घरच्या माणसाला बाजूला बसवून विचारा: त्या दिवशी फोनवर बोलताना आवाज कसा होता? टीव्ही बघताना एक डोळा झाकून घेत होते का? अंथरुणातून स्वतः उठले होते का? आवाज गेला तेव्हा पाय चालत होते, एवढं कळलं तरी अर्धं निदान हातात आलं.

मग स्वतः तपासा, आणि झोपेचं औषध थांबवून तपासा. पापणी आपल्या बोटाने वर उचला आणि रुग्णाला सांगा, 'माझं ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.' पायात शेवटी लकवा येतो, म्हणून अंगठा बरेचदा हलतो. बाहेरून बेशुद्ध दिसणारा माणूस आतून पूर्ण जागा आहे हे त्या एका हालचालीने कळतं. तो क्षण ज्याने पाहिलाय तो विसरत नाही. त्या खोलीत त्या माणसासमोर चार दिवस काय काय बोललं गेलं, हे आठवून अंगावर काटा येतो.

याचंच टोकाचं रूप सांगायलाच हवं. बोट्युलिझममध्ये बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या होऊ शकतात. डोळे फिरत नाहीत, खोकला येत नाही, श्वास नाही, हातपाय नाहीत. कागदावर हे ब्रेन डेथसारखं दिसतं. मेंदू मात्र धडधाकट असतो. सीटी स्कॅन नॉर्मल असेल आणि मेंदूला इजा होण्याचं ठोस कारण सापडत नसेल, तर ब्रेन डेथचा विचार तिथेच थांबवा आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढा. जागृत माणसाचा ईईजी आला तर निदानाची दिशाच बदलते.

बाहुल्यांबद्दल उलट बाजूही लक्षात ठेवा. बऱ्याच रुग्णांत त्या नॉर्मल असतात. 'बाहुल्या ठीक आहेत, म्हणजे बोट्युलिझम नाही' हे वाक्य मी फार ऐकलंय आणि ते चूक आहे. मोठ्या बाहुल्या दिसल्या तर संशय पक्का होतो. दिसल्या नाहीत म्हणून तो जात नाही. तोंडाला कोरड नसली किंवा रुग्ण गुंगीत वाटला, तरी तसंच. बऱ्याच रुग्णांना उलट्या, पोटदुखीही असते. मोकळ्या मनाने बघा.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ मध्ये बोट्युलिझमवर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात संशय कधी घ्यायचा याची साधी चौकट आहे: ताप नाही, दृष्टी, बोलणं, आवाज, गिळणं यांपैकी एक तरी तक्रार, आणि पापणी लोंबणं, डोळ्यांच्या हालचाली कमी होणं, चेहऱ्याचा अशक्तपणा, न हलणाऱ्या बाहुल्या किंवा वरून उतरणारा लकवा यांपैकी एक तरी खूण. या तिन्ही गोष्टी जुळल्या की बोट्युलिझमचा विचार करायचाच. अन्नाचा इतिहास त्या चौकटीत नाही, हे बघण्यासारखं आहे. एक सावधगिरी मात्र माझ्याकडून: तुमच्यासारख्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाला दुसऱ्या कारणाने, म्हणजे न्यूमोनियाने किंवा टाक्यातल्या संसर्गाने, ताप असू शकतो. जखमेच्या बोट्युलिझममध्ये त्याच जखमेत दुसरे जंतू असले तरीही ताप येतो. नुसत्या तापाने नाव खोडू नका.

आता जीबीएस. गोंधळ होतो तो नेहमीच्या, पायापासून चढणाऱ्या जीबीएसशी नाही. तिथे मुंग्या असतात, रेफ्लेक्सेस लवकर जातात, लकवा खालून वर जातो. खरा गोंधळ दोन चुलत भावंडांशी होतो. एक मिलर फिशर नावाचा जीबीएसचा प्रकार: डोळे अडकतात, पण चालताना तोल जातो, रेफ्लेक्सेस जातात आणि बऱ्याच रुग्णांत जीक्यू-वन-बी अँटिबॉडी सापडते. बोट्युलिझममध्ये तोल जात नाही. दुसरं भावंड जास्त अवघड, घसा-मान-दंड यांनाच धरणारा जीबीएस. तो अगदी बोट्युलिझमसारखा उतरतो. तिथे रेफ्लेक्सेस बघा: बोट्युलिझममध्ये स्नायू पुरता लुळा पडेपर्यंत ते टिकतात. पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बघा. जीबीएसमध्ये पेशी न वाढता प्रोटीन चढलेलं असतं. बोट्युलिझममध्ये ते सहसा नॉर्मल राहतं. पहिल्याच दिवशी काढलेल्या नॉर्मल पाण्यावर मात्र काहीच ठरवू नका, त्या दिवशी जीबीएसमध्येही ते नॉर्मल असू शकतं.

मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारात, दिवसभरात चढउतार असतो आणि बाहुल्या कधीच बिघडत नाहीत. निओस्टिग्मिन हे त्यावरचं औषध दिल्यावर थोडी सुधारणा दिसली म्हणून मायस्थेनिया पक्का धरू नका, बोट्युलिझममध्येही किंचित फरक पडू शकतो. मेंदूच्या देठातला स्ट्रोक अचानक येतो, एकसारखा नसतो, तळपायाचा रेफ्लेक्स उलटा होतो. ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे कीटकनाशकांच्या, विषबाधेच्या सुरुवातीला बाहुल्या टाचणीएवढ्या आणि लाळ-घाम भरपूर, म्हणजे चित्र नेमकं उलटं. पण एक ते चार दिवसांनी मान, चेहरा आणि श्वास धरणारी दुसरी फेरी येऊ शकते, ती फसवते. मण्यारीसारख्या सापाचं विष पापण्यांपासूनच सुरू होतं आणि दंशाची खूण दिसेलच असं नाही, पण तुमच्या रुग्णाच्या बाबतीत तो प्रश्न नाही. रुग्णालयातच दाखल असलेल्यांमध्ये आणखी तीन गोष्टी आधी तपासा, कारण त्या लगेच दुरुस्त होतात: रक्तातलं मॅग्नेशियम, शस्त्रक्रियेत दिलेल्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा उरलेला परिणाम, आणि कोलिस्टिन किंवा अमायनोग्लायकोसाइड गटातली अँटिबायोटिक्स. दीर्घ आजारात येणारी क्रिटिकल इलनेस न्यूरोपॅथी हातापायांना धरते, डोळ्यांचे स्नायू ती जवळपास नेहमी सोडते. आयसीयूमध्ये डोळे अडकलेले दिसले की ते लेबल काढून ठेवा.

ईएमजीकडे, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीकडे, वळण्याआधी विष काय करतं ते थोडक्यात. नस ठीक आहे, स्नायू ठीक आहे, निरोप नसेच्या टोकापर्यंत येतोही. तिथे अॅसिटिलकोलीनच्या, म्हणजे निरोप स्नायूपर्यंत नेणाऱ्या रसायनाच्या, पिशव्या भरलेल्या उभ्या असतात, पण त्या पडद्याला चिकटून फुटण्यासाठी जी प्रथिनं लागतात ती विषाने कापलेली असतात. ए आणि ई प्रकारचं विष स्नॅप-२५ हे प्रथिन कापतं, बी आणि एफ प्रकारचं सायनॅप्टोब्रेव्हिन. म्हणून नर्व्ह कंडक्शनमध्ये, म्हणजे नसेला विजेचा झटका देऊन केलेल्या तपासणीत, वेग नॉर्मल, संवेदनेच्या नसा नॉर्मल, पण स्नायूच्या प्रतिसादाची उंची खुजी. सेकंदाला २० ते ५० वेळा झपाट्याने उत्तेजन दिलं की ती उंची वाढते, कारण टोकाशी कॅल्शियम साठून उरलेल्या थोड्या पिशव्या सुटतात. ही वाढ लँबर्ट-ईटन या नस-स्नायू जोडाच्या दुसऱ्या आजाराइतकी मोठी नसते. तंत्रज्ञाला नुसतं 'नर्व्ह कंडक्शन करा' म्हणालात तर हे झपाट्याचं उत्तेजन होणारच नाही, ते दुखरं असतं आणि नेहमीच्या यादीत नसतं. फॉर्मवर स्पष्ट लिहा, आणि अशक्त झालेलाच स्नायू निवडायला सांगा, चेहऱ्याचा किंवा दंडाचा. पाय अजून चांगले असताना पायाच्या नसा तपासून 'नॉर्मल' रिपोर्ट आलेले मी पाहिलेत.

प्रयोगशाळेची बाजू. निदान पक्कं होतं ते रक्तात, शौचात, जठरातल्या पाण्यात किंवा जखमेत विष वा जंतू सापडल्यावर. जुनी आणि अजूनही विश्वासाची चाचणी उंदरांवरची. तिला चार दिवसांपर्यंत लागू शकतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीची पद्धत लवकर सांगते, पण ती मोजक्याच ठिकाणी आहे. चार गोष्टी पाळा. रक्त अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, देण्याआधी काढा. बद्धकोष्ठामुळे शौच मिळत नसेल तर निर्जंतुक पाण्याने एनिमा देऊन नमुना घ्या. त्या पाण्यात जंतुरोधक मिसळलेलं नसावं. नमुने फ्रीजमध्ये ठेवा. आणि निओस्टिग्मिन किंवा पायरिडोस्टिग्मिन दिलं असेल तर ते प्रयोगशाळेला कळवा, उंदरांच्या चाचणीत ते लुडबुड करतं.

तुमच्या रुग्णात शौचाचा नमुना सर्वांत मोलाचा आहे. आतड्यात जंतू रुजलेले असतील तर विष आणि जंतू दोन्ही तिथे दीर्घकाळ मिळत राहतात. आणि प्रयोगशाळेला 'बोट्युलिनम शोधा' एवढंच लिहू नका. प्रौढांच्या आतड्यात रुजणाऱ्यांत क्लोस्ट्रिडियम बाराटी आहे, जो एफ प्रकारचं विष बनवतो, आणि क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम आहे, जो ई प्रकारचं बनवतो. बाराटीचा आजार झपाट्याने येतो, काही तासांत रुग्ण पुरता लुळा पडतो, आणि बाकीच्या प्रकारांच्या तुलनेत लवकर सुधारूही लागतो. इतक्या वेगामुळे तो स्ट्रोक किंवा बेशुद्धी समजला जातो. ब्युटिरिकम पोटदुखी घेऊन येतो. इटलीत दोन तरुण रुग्णांत तो अपेंडिक्ससारखा भासला होता आणि दोघांतही मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, म्हणजे आतड्याला जन्मतः असलेली पिशवी, निघालं. पोट फुगून सर्जनकडे गेलेल्या रुग्णाच्या पापण्या कोण बघणार? बघायला हव्यात.

रिपोर्टची वाट पाहत थांबू नका. हे मी पुन्हा लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं: अँटिटॉक्सिनचा निर्णय लक्षणांवर घ्यायचा असतो, रिपोर्टवर नाही. सध्या वापरात असलेलं सात प्रकारांवरचं अँटिटॉक्सिन घोड्याच्या रक्तापासून बनतं, अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये परवाना मिळाला. ते रक्तात फिरणारं विष पकडतं, नसेच्या टोकात शिरलेलं नाही. म्हणून ते लकवा मागे फिरवत नाही, फक्त आहे तिथे थांबवतं. मान उचलता येत असताना दिलं तर व्हेंटिलेटर टळू शकतो. व्हेंटिलेटरवर गेल्यावर दिलं तर तिथले आठवडे कमी होऊ शकतात. अन्नातल्या बोट्युलिझममध्ये पहिल्या दिवस-दोन दिवसांत ते सर्वांत उपयोगी. पण आतड्यात किंवा जखमेत कारखाना चालू असेल तर रक्तात विष येतच राहतं, त्यामुळे उशीर झाला म्हणून हात वर करण्याचं कारण नाही. बहुतेक देशांत हे औषध दुकानात मिळत नाही, सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत मागवावं लागतं. संशय आला त्याच तासाला फोन लावा. देताना अॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अॅलर्जीची, तयारी ठेवा आणि एक-दोन आठवड्यांनी सीरम सिकनेस ही उशिराची अॅलर्जी येऊ शकते हे फाइलवर लिहून ठेवा.

अँटिबायोटिक्सबद्दल. जखम असेल तर ती उघडून साफ करायची आणि पेनिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोल द्यायचं, शक्यतो अँटिटॉक्सिननंतर. आतड्यातल्या प्रकारात मात्र हात आखडता ठेवा: जंतू फुटले की आतलं विष बाहेर पडण्याची भीती असते, आणि मुळात अँटिबायोटिक्सनेच ही जागा मोकळी करून दिलेली असते. दुसऱ्या संसर्गासाठी द्यावीच लागली तर जेंटामायसिन, अमिकासिन हा गट आणि क्लिंडामायसिन टाळा. मॅग्नेशियमही टाळा, रेचक म्हणूनसुद्धा.

ज्यांच्या रुग्णाला अजून ट्यूब पडलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. बोटावरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका. तो ९८ असताना रुग्ण अर्ध्या तासावर येऊन ठेपलेला असू शकतो, कारण आधी कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ऑक्सिजन शेवटी कोसळतो. चेहरा लुळा असल्यामुळे घाबरलेपणाही दिसत नाही. दर दोन-चार तासांनी व्हायटल कपॅसिटी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर सोडता येते ते, मोजा. ओठ बंद होत नसतील तर मास्क लावून मोजा. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा आणि कितीपर्यंत पोचले ते लिहून ठेवा. उशीवरून मान उचलता येईना की आयसीयूला कळवा.

घरच्यांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. खरं ते सांगा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या आजारात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. व्हेंटिलेटर आणि चांगली शुश्रूषा आल्यापासून बहुसंख्य वाचतात, पण वेळ लागतो. नसेच्या टोकाला आधी नवे कोंब फुटतात, ते तात्पुरतं काम चालवतात, आणि मग मूळ टोक पुन्हा कामाला लागतं. यात आठवडे जातात, काहींचे महिने. थकवा आणि दम त्यानंतरही बराच काळ रेंगाळतो. रुग्णाला सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय, हे घरच्यांना पहिल्या दिवशी सांगा आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगा. पापण्या चिकटपट्टीने अलगद उघड्या ठेवून दिवसातून काही वेळ त्याला समोरचं दिसू द्या, डोळ्यांत थेंब घालून. अंगठ्याच्या हालचालीवर 'हो' आणि 'नाही' ठरवून घ्या आणि तो संकेत पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत लावा. दुखतंय का, झोप हवी का, हे त्याला विचारूनच औषध द्या.

शेवटी तुमच्याच रुग्णाचं. आज झोपेचं औषध थांबवा, पापणी उचलून त्याच्याशी बोला, रेफ्लेक्सेस पुन्हा बघा. शस्त्रक्रियेनंतरच्या सिस्टरांच्या सगळ्या नोंदी काढा. मॅग्नेशियम आणि चालू अँटिबायोटिक्सची यादी तपासा. झपाट्याच्या उत्तेजनासह ईएमजी मागवा. रक्त आणि एनिमाचा नमुना आजच काढून फ्रीजमध्ये ठेवा, आणि चित्र वरून उतरलेलं निघालं तर अँटिटॉक्सिनसाठी रात्रीच फोन करा. इम्युनोग्लोब्युलिन दिलं गेलंय ही गोष्ट प्रयोगशाळेला कळवा. आतड्यातला प्रकार ठरला तर एका सुधारणेवर समाधान मानून नमुने थांबवू नका: अँटिटॉक्सिन ओसरल्यावर लकवा पुन्हा उतरल्याच्या नोंदी आहेत, कारण आतड्यात विष बनत राहतं. सुधारणा सुरू झाल्यावरही पापण्यांची उंची रोज स्केलने मोजा, आकडा तारखेसह लिहा, आणि शौचाचा नमुना ठरावीक दिवसांनी परत पाठवत राहा.